शिकागोचं सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम: आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन जाताना

भारतातून आई-बाबा आले की शिकागोच्या यादीत हे म्युझियम हमखास असतं. मोठी देणगी मिळाल्यामुळे २०२४ पासून नावाआधी ‘ग्रिफिन’ लागलंय, पण लोक अजून एमएसआयच (म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्री) म्हणतात. जागा जॅक्सन पार्कमध्ये, १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातल्या कलादालनाच्या इमारतीत. इमारत अवाढव्य आहे आणि वेळ कमी, सगळी अडचण तिथेच आहे. बहुतेक दिवशी साडेनऊला उघडून चारला बंद होतं. दुपारी जेवून निघालात तर तिकिटाचे पैसे निम्मे वाया. सकाळी दार उघडताना पोचायचं आणि काय सोडायचं ते घरूनच ठरवून निघायचं.

गाडी आणली तर म्युझियमचं भूमिगत पार्किंग आहे, त्याचे पैसे वेगळे. गाडी नको असेल तर मेट्रा इलेक्ट्रिक या लोकल रेल्वेच्या ५५-५६-५७ स्ट्रीट स्टेशनवरून चालत जाता येतं. हिवाळ्यात मात्र सरोवरावरचा वारा आजी-आजोबांना सोसवत नाही.

प्रवेशाचं तिकीट काढलं म्हणजे सगळं आलं असं नाही. पाणबुडीच्या आतला फेरफटका आणि कोळशाची खाण यांची तिकिटं वेगळी, ठरलेल्या वेळेची. ही आधी ऑनलाइन घ्या आणि बाकीचा दिवस त्यांच्याभोवती बसवा. दोन्हींच्या वेळा एकाला एक चिकटून घेऊ नका. इमारतीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला, मधे कुणाला बाथरूमला न्यायला, लिफ्ट शोधायला अंदाजापेक्षा जास्त वेळ लागतो. मधे तासभर तरी मोकळा हवा.

यू-५०५ ही पाणबुडी म्हणजे या म्युझियमचा प्राण. प्रतिकृती नव्हे, खरीखुरी जर्मन पाणबुडी, सुमारे ७६ मीटर लांब. ४ जून १९४४ ला अमेरिकन नौदलाने पश्चिम आफ्रिकेजवळच्या समुद्रात ती जिवंत पकडली. जर्मन खलाशांनी सोडून जाताना समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या गाळणीचं झाकण काढून टाकलं होतं, म्हणजे ती आपोआप बुडावी. आत उतरलेल्या अमेरिकन तुकडीला ते झाकण जवळच पडलेलं सापडलं. त्यांनी ते परत बसवलं आणि बोट वाचली. सोबत एनिग्मा ही गुप्त संदेश लिहिण्या-वाचण्याची यंत्रं आणि सांकेतिक पुस्तकं हाती लागली. जर्मनीला सुगावा लागू नये म्हणून पकडलेल्या खलाशांना इतर युद्धकैद्यांपासून वेगळं ठेवलं गेलं. १९५४ मध्ये ती म्युझियममध्ये आली, पन्नास वर्षं उघड्यावर गंजत उभी होती आणि २००४ मध्ये जमिनीखालच्या बंदिस्त दालनात उतरवली.

आता व्यवहाराचं. बोटीभोवतीचं सगळं दालन साध्या तिकिटात आहे. अख्खी बोट बाहेरून दिसते, पंखे, सुकाणू, बुरूज, सगळं. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना बंद जागेत घुसमटतं, किंवा ज्यांच्या कडेवर लहान मूल आहे त्यांनी बाहेरच थांबावं. फार काही हुकत नाही. आत वाट अरुंद, डोक्याला नळ आणि चाकं लागतील अशी उंची, काही वेळ अंधार आणि मोठा आवाज. बाबागाडी आत नेता येत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र जरूर न्या. पन्नासाहून जास्त माणसं, त्यांच्यापेक्षा कमी बिछाने, पाळी संपवून आलेल्याने दुसऱ्याच्या उबदार बिछान्यात शिरायचं, दोनपैकी एका संडासात सुरुवातीला अन्न साठवलेलं. हे आत उभं राहिल्यावरच पटतं, फलक वाचून नाही.

कोळशाची खाण १९३३ पासून, म्हणजे म्युझियम उघडल्यापासून आहे. खाणीच्या लिफ्टमधून खोल गेल्याचा भास होतो, प्रत्यक्षात आपण इमारतीतच असतो. मुलांना आधी सांगू नका. खालच्या फेरफटक्यात खाणकामगाराच्या दिव्याकडे नीट बघा: हवेत मिथेन असेल तर ज्योतीवर निळसर टोपी चढते, प्राणवायू कमी असेल तर ज्योत विझते. एका दिव्याने दोन धोके कळायचे. अंधार आणि दणक्याला घाबरणारं मूल असेल तर पालकांपैकी एकाने बाहेर राहावं.

सायन्स स्टॉर्म्स या दालनात वाफेचं ४० फुटी वादळ फिरतं आणि इथेच सगळे चुकतात. लोक येतात, वादळात हात घालतात, ते विस्कटतं, मग “बंद पडलंय वाटतं” म्हणून पुढे जातात. बंद नसतं. भोवतीची हवा गोल फिरवत आत सोडलेली असते आणि वर ती ओढून घेतात. मधे माणूस उभा राहिला की फिरकी तुटते. दोन पावलं मागे सरून मिनिटभर थांबा, वादळ पुन्हा उभं राहतं. ते वरच्या गॅलरीतून जास्त चांगलं दिसतं. शेजारी वीस फूट व्यासाची फिरती, कलती तबकडी आहे, तिच्यावर बारीक कण घसरतात. हिमकडे आणि दरडी कशा कोसळतात ते तिथे कळतं: उतार एका ठरावीक कोनापलीकडे गेला की वरचा थर एकदम सुटतो. छताजवळची टेस्ला कॉइल, म्हणजे कृत्रिम वीज पाडणारं यंत्र, ठरावीक वेळीच चालते, आत शिरताच वेळ विचारून ठेवा. कडकडाट कान झाकायला लावणारा असतो.

लहान मुलांसाठी सगळ्यात भारी जागा म्हणजे कोंबडीची पिल्लं उबवायची पेटी. बहुतेक पालक पाच मिनिटं बघतात, काही होत नाही म्हणून मुलाला ओढत नेतात. अंडं कसं निवडायचं ते माहीत असलं की हे टळतं. नुसता एक तडा किंवा टोचा दिसत असेल तर पिल्लू बाहेर यायला कित्येक तास लागतील, ते सोडा. जाड टोकाकडे तडा गोल फिरत चालला असेल, झाकण कापल्यासारखा, तर त्या अंड्यासमोर थांबा. पिल्लू आत फिरत चोचीवरच्या टणक दाताने कवच कापत असतं आणि हा टप्पा सुरू झाला की सहसा तासाच्या आत ते बाहेर येतं. मधे मधे बराच वेळ निपचित पडतं, ते दमलेलं असतं, मेलेलं नाही. मुलांना हे आधीच सांगा, नाहीतर रडारड होते.

पायोनिअर झेफर ही १९३४ ची स्टेनलेस स्टीलची डिझेल रेल्वेगाडी आणि चंद्राला फेऱ्या मारून आलेली अपोलो ८ या अवकाशयानाची कुपी (अंतराळवीर बसायचे तो भाग) चुकवू नका. झेफरने २६ मे १९३४ ला डेन्व्हर ते शिकागो हे १,०१५ मैल १३ तास ५ मिनिटांत कापले, कुठेही न थांबता. कुपीच्या जळक्या तळाशी आजोबांना जितका वेळ हवा तितका द्या. वाहतुकीच्या दालनात वर टांगलेली स्टुका (जर्मन) आणि स्पिटफायर (ब्रिटिश) ही दुसऱ्या महायुद्धातली विमानंही अस्सल आहेत. जगात स्टुका जवळजवळ उरलेलीच नाहीत. मॉडेल रेल्वेपाशी चार वर्षांचं मूल सहज अर्धा तास रमतं, तेवढ्यात एकाने रांगेत उभं राहून जेवण आणावं. आजींसाठी मूकपटांतल्या अभिनेत्री कॉलीन मूर यांचा परीमहाल, म्हणजे बाहुलीघर. एका फुटाला एक इंच या मापाचा, नळाला खरं पाणी येतं.

काय सोडावं? टचस्क्रीनवर बोटं फिरवायची दालनं. काही स्क्रीन बंद असतात, काहींवर मुलं नुसती बटणं बडवतात, आणि तसलं घरी टॅबवरही होतं. विशाल धडधडतं हृदय मात्र बघा, आपल्या नाडीच्या ठेक्यावर चालतं. जुन्या हृदयात आत शिरता यायचं, यात येत नाही. बाबा-काकांनी लहानपणीच्या आठवणी सांगून मुलांना उगाच आशेला लावू नये.

इलिनॉयच्या रहिवाशांना वर्षातले काही दिवस प्रवेश मोफत असतो. पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. त्या दिवशी गर्दी तुडुंब असते आणि पाणबुडीच्या आतलं तिकीट विकतच घ्यावं लागतं, तेव्हा पाहुण्यांना पाणबुडीच दाखवायची असेल तर साधा कामाचा दिवस बरा. शाळेच्या सहलींचे घोळके सहसा दुपारी लवकर परततात, म्हणून सकाळी पाणबुडी आणि खाण उरका, वादळ आणि पिल्लं दोननंतरसाठी ठेवा.