मुलांना घरी मराठी व्याकरण शिकवताना: वर्षभर वापरलेल्या पुस्तकांविषयी

आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठ. गणित-विज्ञानाची पुस्तकं निवडताना फारशी अडचण आली नाही. मराठी व्याकरणाचं काय, हा प्रश्न मात्र बराच काळ डोक्यात होता. इंग्रजी व्याकरणाचे परदेशी संच मिळतात. आईनं काय विचारायचं आणि मुलानं काय उत्तर द्यायचं इथपर्यंत त्यात लिहिलेलं असतं. मराठीत घरी शिकणाऱ्या मुलांसाठी असा संच मला सापडला नाही. मग पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं पालथी घातली, ओळखीच्या शिक्षकांना विचारलं आणि जे जमलं ते वर्षभर वापरून पाहिलं. ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते, अशा पालकांसाठी हा अनुभव लिहिते आहे.

आधी माझं मत सांगते, म्हणजे पुढचं कोणत्या नजरेनं लिहिलंय ते कळेल. घरात मराठी बोलणारं मूल सहा-सात वर्षांचं होईतो निम्मं व्याकरण तोंडानं शिकलेलंच असतं. त्याला 'नाम म्हणजे काय' ही व्याख्या आधी पाठ करायला लावणारं पुस्तक मी घेत नाही. त्याच्या तोंडातली वाक्यं त्याच्यासमोर मांडून त्यातला नियम त्यालाच शोधायला लावेल, असं पुस्तक मला हवं असतं.

या कसोटीवर सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तकं. ई-बालभारतीवर त्यांच्या पीडीएफ फुकट मिळतात. मराठी माध्यमासाठी 'बालभारती' आणि इतर माध्यमांसाठी 'सुलभभारती' अशा दोन मालिका आहेत, एवढं उतरवून घेताना लक्षात ठेवा. घरात मराठी असेल तर बालभारतीच घ्यावी. इयत्तेच्या मागे मात्र लागू नका. व्याकरण या पुस्तकांत धड्यांच्या शेवटी थोडं-थोडं विखुरलेलं असतं आणि तोच विषय पुढच्या इयत्तेत पुन्हा येतो. शाळेत ते ठीक आहे, घरी त्यामुळे धागा तुटतो. मी पाचवी ते सातवीची फक्त भाषाभ्यासाची पानं छापून घेतली आणि विषयवार एका फाइलमध्ये लावली. शब्दांच्या जाती एकीकडे, लिंग-वचन एकीकडे, सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप होतं ते) एकीकडे. आमच्या घरी सगळ्यात जास्त हाताळली गेलेली वस्तू हीच फाइल.

मोठ्यांसाठी मो. रा. वाळंबे यांचं 'सुगम मराठी व्याकरण व लेखन'. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं ते वापरतात म्हणून अनेक पालक त्याला हात लावत नाहीत, पण शिकवणाऱ्यासाठी ते फार चांगलं आहे. मांडणी स्वच्छ, उदाहरणं भरपूर, आणि वर्णविचारापासून वृत्त-अलंकारांपर्यंत सगळं एका जागी. अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात ते देऊ नका. आदल्या रात्री आपण एक प्रकरण वाचायचं आणि सकाळी पुस्तक मिटून मुलांशी बोलायचं, हे आम्हाला जमलं. १९११चं मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' माझ्याकडे आहे, पण ते फक्त शंका उपटली की उघडायचं.

आता सामान्यरूपाबद्दल थोडं सविस्तर, कारण वर्षभरातली सगळ्यात सुंदर शिकवणी इथे झाली. लाकूड, कापूस, बेरीज, पाऊल, फूल, चूल असे शब्द मी चिठ्ठ्यांवर लिहिले. मुलांनी चिठ्ठी उचलायची आणि शब्दाला ला, चा, त यांपैकी काहीतरी लावून वाक्य करायचं. आठ वर्षांचा मुलगा न अडखळता 'लाकडाचा', 'कापसाची', 'बेरजेत', 'पावलाला' म्हणत गेला. एकदाही 'लाकूडाचा' म्हणाला नाही. त्यानं नियम कधी वाचलेला नव्हता. मग दोघांनी मिळून शोधून काढलं, की तीन अक्षरी शब्दाचं पहिलं अक्षर दीर्घ असेल तर मधला ई-ऊ जाऊन तिथे अ येतो. 'फूल'चं 'फुलाला' होताना ऊ आखूड होतो, हेही त्यांना कानानं कळलं. त्यावर मुलीनं विचारलं, "आई, मग शरीरचं शरिराला का नाही?" हा प्रश्न कानानं सुटत नाही. शरीर तत्सम शब्द आहे, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून तिथे दीर्घ तसाच राहतो: शरीराला. कान कुठपर्यंत पुरतो आणि कोश कुठे उघडावा लागतो, हे त्या सकाळी मुलांना नेमकं कळलं.

त्या कामासाठी अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' घ्या, अगदी आग्रहानं सांगते. शब्दाबरोबर त्याचं सामान्यरूपही दिलेलं असल्यामुळे मूल स्वतः पाहू शकतं. आमची मुलगी आता मला विचारत नाही, कोश काढते. शुद्धलेखनाचे नियम शिकवताना थोडा इतिहासही सांगा. साहित्य महामंडळाच्या १४ नियमांना शासनानं १९६२मध्ये मान्यता दिली, १९७२मध्ये आणखी ४ आले आणि एकूण १८ झाले. हे सांगायचं कारण असं, की आजोबांच्या कपाटातली जुनी पुस्तकं मुलं वाचतातच आणि त्यात 'नांव', 'घरांत', 'कां' असं छापलेलं असतं. ते चुकीचं नाही, तेव्हाची ती रीतच होती, हे मुलांना समजलं पाहिजे.

विभक्तीचा तक्ता मी मुद्दाम लांबणीवर टाकला. द्वितीयेला स, ला, ते आणि चतुर्थीलाही तेच, हे पाहून विचार करणारं मूल गोंधळणारच. 'आई बाळाला निजवते' आणि 'आई बाळाला खाऊ देते' यांतला फरक अर्थाचा आहे, प्रत्ययाचा नाही. या तक्त्यावर जाणत्यांमध्येही वाद झालेत. ज्या पालकांना खोलात जायचंय त्यांनी कृ. श्री. अर्जुनवाडकर यांचं 'मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद' वाचावं. मुलांसाठी मी आधी व्याकरणातले प्रयोग घेतले, म्हणजे क्रियापद वाक्यात कोणाप्रमाणे बदलतं ते. दादानं आंबा खाल्ला, कैरी खाल्ली, फळ खाल्लं. इथे क्रियापद खाण्याच्या वस्तूप्रमाणे बदलतं. मग ताईनं बोक्याला पकडलं, मांजरीला पकडलं, पिल्लाला पकडलं. आता ते हलतच नाही! 'ला' लागला की क्रियापद थांबतं, हे मुलानं स्वतः ओरडून सांगितलं. कर्मणी आणि भावे ही नावं त्यानंतर दिली आणि ती कायमची बसली. परदेशात वाढणारी आपली मुलं 'मी पोळी खाल्ला' म्हणतात, त्यांच्याकडून हा सराव पुस्तकाआधी करून घ्यावा असं मला वाटतं.

बाजारातल्या सरावपुस्तिकांबद्दल थोडक्यात सांगते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या धर्तीवरच्या पुस्तिका पर्याय निवडायला शिकवतात, वाक्य लिहायला नाही. उजळणीला ठीक, शिकवायला नाही. घेतलेल्या एका पुस्तिकेत तर उत्तरसूचीच चुकलेली निघाली. 'मुलं बाहेर खेळतात' यातलं 'बाहेर' शब्दयोगी अव्यय दिलं होतं. 'घराबाहेर' म्हटलं तर तो शब्द नामाला जोडून येतो आणि शब्दयोगी होतो. सुटा आला की तो क्रियाविशेषण. दुकानात उभं असतानाच हे एक प्रकरण आणि त्याची उत्तरं तपासा, पुस्तिका कितपत काळजीनं केली आहे ते लगेच कळतं.

खर्चाचं म्हणाल तर छपाई, वाळंबे आणि लेखन-कोश एवढ्यात वर्ष निघालं. यंदा मुलीसाठी समास आणि वृत्तं घ्यायची आहेत. वृत्तांसाठी पुस्तकाऐवजी मोरोपंतांच्या आर्या आणि रामदासांचे मनाचे श्लोक मोठ्यानं म्हणून लघु-गुरू मोजायला सुरुवात केली आहे. मनाच्या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात, ते तिला तालावरून ओळखता येऊ लागलंय. पुढे तिला मुक्त विद्यालयातून किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता खासगीरीत्या, दहावीला बसायचं असेल, तेव्हा परीक्षेच्या नमुन्याची तयारी शेवटच्या वर्षात वेगळी करून घेऊ. धाकट्यासाठी यंदाही नवीन काही घेणार नाही, त्याला ती फाइल आणि चिठ्ठ्यांचा डबा पुरेसा आहे.