ऐरोलीची फ्लेमिंगो बोट राईड: जरूर जा, पण भरती-ओहोटी बघून

रविवारी सकाळी आईला आणि मुलीला घेऊन नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेलो होतो, ठाणे खाडीची बोट राईड केली आणि खरं सांगतो, मन भरून गेलं.

आधी महत्त्वाचं. बोटीची वेळ रोज बदलते कारण सगळं भरती-ओहोटीवर चालतं. ओहोटीला पाणीच नसतं मग बोट जाणार कुठून, आणि पूर्ण भरतीला चिखल बुडाला की फ्लेमिंगो उठून नेरूळ वगैरे बाजूच्या पाणथळ जागांवर जाऊन बसतात. त्यामुळे आपल्या सोयीची वेळ धरून बसू नका, ते देतील तो स्लॉट घ्या, पहाटे उठावं लागलं तरी.

आमच्या बोटवाल्या दादांना पैकीच्या पैकी मार्क. थवा दिसला तसं त्यांनी लांबूनच इंजिन बंद केलं. दोघंतिघं मागे लागले, दादा अजून जवळ घ्या ना, फोटो नीट येत नाहीये. दादा म्हणाले, "ते जेवतायत, उठवायचं नाही." विषय संपला. गेल्या वर्षी दुसरीकडून एका खाजगी बोटीने गेलो होतो तेव्हा त्याने फोटोसाठी बोट सरळ थव्यात घातली, सगळे पक्षी उडाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला इतकं वाईट वाटलं होतं. अहो एवढ्या लांबून, बरेचसे तर कच्छकडून, ते इथे खायला येतात, दर वेळी उडवलं की खाल्लेलं सगळं त्यातच खर्च होतं.

इंजिन बंद झाल्यावर जे दिसलं ते असं. एक छोटा रोहित (म्हणजे लेसर फ्लेमिंगो), गडद लाल चोच, मान खाली घालून चोच उलटी पाण्यात फिरवतोय आणि पाय जागच्या जागी नाचवतोय, चिखल ढवळला जातोय आणि चोचीतल्या गाळणीतून पाणी बाहेर, शेवाळ आत. त्या शेवाळातूनच गुलाबी रंग येतो. बाजूला राखाडी पिल्लं होती, मुलीला ते फ्लेमिंगोच आहेत हे पटेना. मोठा रोहित ओळखायला सोपा, उंच, अंग पांढरट आणि चोच गुलाबी, टोकाला फक्त काळी. शिवाय वर वळलेल्या चोचीचे उचाट, गॉडविटचा मोठा थवा, कुरव, समुद्री बगळे, एक ब्राह्मणी घार. परत येताना चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या (चिखलातले छोटे मासे) दिसल्या, आई त्यांच्यातच रमली.

दुर्बीण ८x४२ (आठपट मोठं दाखवणारी) न्या, १०x बोटीत फार हलते. टोपी, पाणी हवंच, आणि खाडीचा वास येणार, त्याची तयारी ठेवा. राईड झाल्यावर लगेच गाडीकडे पळू नका, कांदळवनातली लाकडी पायवाट सावकाश चाला, तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली अगदी जवळून दिसतात.

२०१५ ला ठाणे खाडीचं हे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ ला रामसरच्या (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) यादीत आलं, आणि तरी माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना घरापासून अर्ध्या तासावर हे आहे हेच माहीत नाही. जानेवारी ते एप्रिल मस्त सीझन. शनिवार-रविवार लवकर भरतो, आधी बुकिंग करूनच निघा.