डेंटल हायजिनिस्टचा फॉर्म एमपी ऑनलाइनच्या दुकानात: कशासाठी जावं, कशासाठी नाही

बारावीचा निकाल लागला की इंदूरच्या एमपी ऑनलाइन दुकानांसमोर, म्हणजे सरकारी पोर्टलवरचे फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांसमोर, उभं राहायला जागा उरत नाही. नर्सिंग, फार्मसी, बीएस्सी, आयटीआय, सगळ्यांचे फॉर्म एकाच काउंटरवर भरले जातात. त्या गर्दीत डेंटल हायजिनिस्टच्या दोन वर्षांच्या डिप्लोमासाठी आलेलं मूल मागे पडतं, कारण काउंटरवरच्या माणसाच्या हाताखालून हा फॉर्म फार क्वचित गेलेला असतो. हे परीक्षण त्या सेवेचं आहे. एका दुकानाचं नाव घेण्याची गरज नाही. राजवाड्यामागची, भंवरकुआँची, एमवाय हॉस्पिटलच्या आसपासची, सुदामानगरातली, सगळीकडे कामाची रीत जवळपास एकच.

गुण आधीच सांगून टाकतो. स्कॅनिंग, अपलोड आणि पैसे भरणं यासाठी पाचपैकी साडेचार. घरचा प्रिंटर, घरचं नेट आणि मोबाईलवरचा अर्धवट उघडणारा फॉर्म यांच्याशी झुंजण्यापेक्षा दुकान कितीतरी बरं. पण "भैया, कोणता कोर्स घेऊ?" या प्रश्नासाठी पाचपैकी एक, आणि तोही भैया चांगल्या मनाने बोलतो म्हणून. ती निवड घरून पक्की करूनच पायरी चढावी.

घोळ सुरू होतो तो फॉर्ममधल्या यादीतून. हायजिनिस्ट, डेंटल मेकॅनिक, डेंटल टेक्निशियन, डेंटल असिस्टंट ही नावं कानाला सारखी वाटतात, कामं मात्र वेगळी आहेत. मेकॅनिक, ज्याला बोलताना टेक्निशियनही म्हणतात, लॅबमध्ये बसून कवळ्या आणि कॅप बनवतो. पेशंटच्या तोंडाला त्याचा हात लागत नाही. असिस्टंट खुर्चीशेजारी उभा राहून डॉक्टरांच्या हातात अवजारं देतो. हायजिनिस्ट स्वतः पेशंटच्या तोंडात काम करतो. 1948 च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये त्याची व्याख्या आहे: स्वतः दंतवैद्य नसून जो दातांचं स्केलिंग (दातांवर साचून कडक झालेला थर खरवडणं), सफाई, पॉलिशिंग करतो किंवा मुखस्वच्छतेचं शिक्षण देतो, तो हायजिनिस्ट. त्यांच्यासाठी राज्याच्या दंत परिषदेत वेगळी नोंदवही असते, आणि डिप्लोम्याची खरी किंमत त्या नोंदवहीत नाव चढण्यात आहे. नाव चढत नसेल तर दोन वर्षांनी हातात फक्त छापील कागद राहतो.

म्हणून फॉर्मची फी भरण्याआधी एकच गोष्ट तपासा: त्या महाविद्यालयाला, याच कोर्ससाठी, या वर्षी मान्यता आहे का. बीडीएसची (दंतवैद्यकाच्या पदवीची) मान्यता असली म्हणजे हायजिनिस्टच्या जागाही असतीलच असं नाही. त्या जागा वेगळ्या मंजूर होतात. दुसरी गफलत म्हणजे पॅरामेडिकल कौन्सिलच्या यादीत हा कोर्स शोधणं. एक्स-रे आणि लॅब टेक्निशियनसाठी ती यादी ठीक, पण हायजिनिस्ट दंत परिषदेच्या अखत्यारीत येतो. 2023 मध्ये संसदेने केंद्रातल्या दंत परिषदेच्या जागी येणाऱ्या राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला आहे, तेव्हा वेबसाइटवर जुनी यादी दिसली तर तिच्यावरची तारीख आधी बघा. तरीही शंका राहिली तर महाविद्यालयाच्या ऑफिसात जाऊन मान्यतेच्या पत्राची प्रत मागा. जिथे पत्र आहे तिथे ते दाखवायला कोणी कुरकुर करत नाही.

पात्रता सरळ आहे: बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. नीट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा लागत नाही, आणि त्याचमुळे नीटमध्ये थोडक्यात राहिलेली मुलं इथे वळतात. सहा महिन्यांत हायजिनिस्ट करून देतो, घरबसल्या करून देतो, असा बोर्ड दिसला तर आत जाऊ नका. दुसऱ्याच्या हिरडीखाली धारदार अवजार फिरवण्याचं काम पत्राने शिकता येत नाही.

आता कागदांकडे येऊ, कारण इंदुरातल्या मराठी घरांची सगळ्यात जास्त अडचण इथे होते. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सवय. इथल्या शाळेत मात्र नाव आणि आडनाव एवढंच लिहिलं जातं. मग आधारवर "सायली मिलिंद देवधर", दहावीच्या अंकसूचीवर (गुणपत्रिकेवर) "सायली देवधर" आणि समग्र आयडीत (मध्य प्रदेश सरकारच्या रहिवासी ओळख क्रमांकात) कोणीतरी ऐकून टाइप केलेलं "सायली देओधर". माणसाला तिन्ही एकच दिसतात, कॉम्प्युटरला नाहीत. फॉर्म भरताना हे खपून जातं आणि पुढे कागद तपासणीच्या टेबलावर किंवा शिष्यवृत्तीच्या वेळी अडतं, तेव्हा हातात दोनच दिवस असतात. नियम सोपा ठेवा: दहावीची अंकसूची प्रमाण, बाकी सगळं तिच्यासारखं करून घ्यायचं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे दुरुस्ती घाईत दुकानात करू नका. अंकसूची समोर ठेवून, एकेक अक्षर वाचून आधार केंद्रातच करा. समग्रचा नऊ आकडी सदस्य क्रमांक वेगळा आणि कुटुंबाचा आठ आकडी क्रमांक वेगळा; फॉर्ममध्ये बहुतेक वेळा नऊ आकडी लागतो. नावाची दुरुस्ती आणि ई-केवायसी निकालाच्या आधीच उरकून घ्या, कारण जूनमध्ये नगर निगमच्या झोन ऑफिसातही तीच गर्दी असते.

नागपूर, जळगाव किंवा अकोल्याहून बदलीने आलेल्या घरांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बारावी महाराष्ट्र बोर्डाची असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट आधीच मागवून घ्या. आणि महाराष्ट्रात मिळालेल्या जात प्रमाणपत्रावर मध्य प्रदेशात राखीव जागा मिळत नाही. फॉर्ममध्ये तो वर्ग भरला तर अर्ज तपासणीत अडकतो, म्हणून अशांनी जनरलमध्ये भरावं. मूळ निवासी आणि उत्पन्न प्रमाणपत्रं लोकसेवा केंद्रातून मिळतात. लोकसेवा हमीचा कायदा 2010 चा आहे आणि प्रत्येक कामाला मुदत बांधलेली आहे. पावतीवर ती तारीख छापून येते, पावती जपा.

दुकानाचं खरं कसब दिसतं स्कॅनिंगमध्ये. आपल्या घरांत दहावीची अंकसूची हमखास लॅमिनेट केलेली असते. मोबाईलने फोटो काढला की ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका रोल नंबरवर येतो आणि तपासणाऱ्याला आकडे दिसत नाहीत. सपाट काचेच्या स्कॅनरवर हा त्रास होत नाही. फक्त अंकसूची काचेवर ठेवण्याआधी कोरड्या फडक्याने पुसायची, नाहीतर बोटांचे ठसेही स्कॅन होतात. भैयाला सांगा, 200 डीपीआय (स्कॅनची बारकाई), आणि मागची बाजूही घ्या. 300 वर रंगीत स्कॅन केलं की फाइल मोठी होते, मग पोर्टल ती नाकारतं, मग काउंटरवर क्वालिटीची पट्टी शेवटापर्यंत खाली ओढली जाते आणि बोर्डाच्या शिक्क्याचा निळा डाग उरतो. त्याऐवजी करड्या रंगात, म्हणजे ग्रेस्केलमध्ये, 150 किंवा 200 वर पुन्हा स्कॅन करायला सांगा. फाइल लहान होते आणि अक्षरही टिकतं. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा आणि अलीकडचा हवा. सही काळ्या पेनने, कोऱ्या कागदावर. रेघांच्या वहीवर केलेली सही लहान चौकटीत रेघांसकट जाते.

यापुढचा मुद्दा सेवेतला सगळ्यात मोठा दोष आहे. गर्दीत काउंटरवरचा माणूस काम पटकन व्हावं म्हणून मोबाईल आणि ईमेलच्या रकान्यात स्वतःचा नंबर आणि दुकानाचा मेल टाकतो. ओटीपी त्याच्याकडे येतो, फॉर्म पाच मिनिटांत होतो, मुलगी खूश होऊन घरी जाते. तीन आठवड्यांनी जागा मिळाल्याचा मेसेजही त्याच्याकडेच जातो, आणि तोपर्यंत त्याच्याकडे शेकडो मेसेज साठलेले असतात. रिपोर्टिंगची तारीख निघून गेली की जागा दुसऱ्याला जाते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण नुकसान पूर्ण वर्षाचं होतं. स्वतःचा, निदान सहा महिने बंद पडणार नाही असा नंबर द्या, पासवर्ड स्वतः टाइप करा आणि समोरच कागदावर लिहून घ्या. फॉर्म लॉक करण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगून पूर्ण प्रीव्ह्यू वाचा: नाव, जन्मतारीख, वर्ग, कोर्स. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. घाई करणाऱ्याला "भैया, दोन मिनटं" म्हणून थांबवा. हे सगळं सकाळी दुकान उघडताना सोपं जातं. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी सर्व्हरही रांगेत असतो.

पैसे कापले गेले आणि स्क्रीनवर पेंडिंग दिसलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून घ्या, काही वेळाने स्टेटस पुन्हा तपासा. दुकानात पोर्टलचं शुल्क आणि स्कॅन-प्रिंटचे पैसे वेगवेगळे असतात. पावतीवर पोर्टलचा आकडा छापलेला येतो, त्यावरून हिशोब समजतो. काही महाविद्यालयं अजून छापील फॉर्म खिडकीवर घेतात. तिथे दुकानाचं काम झेरॉक्सपुरतं.

आता असं एक काम, जे कोणतंही दुकान करून देणार नाही: महाविद्यालय पाहून येणं. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान जा आणि हिरड्यांच्या विभागात, ज्याला तिथे सगळे पेरिओ म्हणतात, बाकावर किती पेशंट बसलेत ते बघा. 1961 मध्ये सुरू झालेलं शासकीय दंत महाविद्यालय एमवाय हॉस्पिटलसमोर आहे. सरकारी ओपीडीत पेशंटचा ओघ कसा असतो ते तिथे कळतं आणि मग दुसरीकडे पाहताना तुलना करता येते. हे काम हाताला पेशंट मिळाल्याशिवाय येत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला टार्टर, म्हणजे तोच कडक थर, सगळ्यात जास्त जमतं, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. विद्यार्थ्याचा हात पहिल्यांदा बसतो तो याच जागी. करंगळीशेजारचं बोट शेजारच्या दातावर टेकवायचं, अवजार पेनसारखं पण मधल्या बोटाच्या आधाराने धरायचं, पात्याचा दाताशी कोन 45 ते 90 अंशांच्या मध्ये ठेवायचा. टेकवलेलं बोट घसरलं की पातं हिरडीत जातं. मध्य प्रदेशात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखूने काळे पडलेले दात आणि पुरतं न उघडणारं तोंड ओपीडीत रोज येतं. अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत पोचायला शिकवणारा विभाग हवा. म्हणून विचारा: सरावासाठी फँटम हेड (कृत्रिम दातांची बाहुली-डोकी) किती, चालू अल्ट्रासॉनिक स्केलर (कंपनाने टार्टर काढणारी यंत्रं) किती, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आठवड्यात किती पेशंट मिळतात. अवजारं वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह कुठे आहे तेही विचारा. 121 अंशांवर निदान पंधरा मिनिटांचं चक्र लागतं. अवजारं नुसती द्रावणात बुडवून पुढच्या पेशंटला वापरली जात असतील तर बाहेर पडा.

ॲडमिशन कन्सल्टन्सीवाल्यांना आमच्याकडून गुण नाहीत. "इथे दोन वर्षं, मग थेट अमेरिका" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अमेरिकेत हायजिनिस्टचं लायसन्स मिळवायला सर्वसाधारणपणे तिथल्या कोडा या संस्थेने मान्यता दिलेल्या कोर्समधून बाहेर पडावं लागतं. आपल्या डिप्लोम्यावर ते सरळ मिळत नाही. ज्याला बाहेर जायचं आहे त्याने तो खर्च आणि ती वर्षं वेगळी धरावीत.

फॉर्म भरला त्याच आठवड्यात हेपॅटायटिस बीची पहिली लस घ्या. तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिने, म्हणजे आज सुरू केली तर पेशंटला हात लावायची वेळ येईपर्यंत पूर्ण होते. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातली अँटीबॉडी तपासून घ्या, 10 mIU/mL च्या वर हवी. लसीचं कार्ड फॉर्मच्या फाइलमध्येच लावा. दुकानातून निघताना त्या फाइलमध्ये अर्ज क्रमांकाची प्रिंट, पैशाची पावती आणि पासवर्डचा कागद असला पाहिजे, आणि स्कॅन केलेल्या सगळ्या फाइल तुमच्या पेनड्राइव्हमध्ये. त्यानंतर दुकानाच्या कॉम्प्युटरवरून आधार आणि अंकसूची समोर उभं राहून डिलीट करून घ्या, रिसायकल बिनमधूनसुद्धा.