‘सात पास’चं सर्टिफिकेट, ४२ मिनिटांत

१४ जुन्या डिस्क, पुसून द्यायचे नगाला ८५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. एकूण १४,०४२ रुपये मोजून आमच्या कर सल्लागाराच्या ऑफिसने अशिलांचा डेटा स्वतःच्या हाताने बाजारात सोडला. वर पुसायला आलेल्या माणसाने त्याच डिस्कचे भंगार म्हणून नगाला १५० प्रमाणे २,१०० रुपये आमच्याच हातावर ठेवले, तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं त्याचं.

क्विक फॉरमॅटने फक्त यादी जाते, फायली तिथेच राहतात, हे काय आम्हाला माहीत नव्हतं? म्हणून तर माणूस बोलावला. त्याने डॉक, म्हणजे सुट्या डिस्क जोडायचा खोका, लावला, दोन-दोन डिस्क घातल्या, स्क्रीनवर हिरव्या पट्ट्या पळवल्या आणि सीरियल नंबरांसह शिक्क्याचं सर्टिफिकेट दिलं. नंबर एकेक ताडून पाहिले. सगळे बरोबर. आणखी काय बघायचं माणसाने?

वेळ बघायची होती! कागदावरच छापली होती: सुरुवात ११:१०, शेवट ११:५२, पद्धत सात पास, म्हणजे प्रत्येक डिस्क पूर्ण सात वेळा वरून लिहून पुसायची. १२ डिस्क एक टीबीच्या. सेकंदाला १५० एमबी धरले तरी एक टीबी एकदा पुसायला पावणेदोन तासांच्या वर जातात. सात वेळा म्हणजे १३ तास. दोन-दोन करून १२ डिस्कना ७८ तास, सव्वातीन दिवस. टीडीएसचा रुपया न् रुपया जुळवणाऱ्या ऑफिसात हा गुणाकार एकालाही सुचू नये! त्याखाली ‘डीगॉस केले’, म्हणजे जबर चुंबकाने डेटा उडवला, असंही होतं. डीगॉसने डिस्कला जागा सापडते त्या सर्वो खुणाही जातात, ती पुन्हा कधीच चालत नाही. मग मेलेल्या डिस्कचे १५० रुपये तो कशापायी देत होता? उरलेल्या दोन तर एसएसडी, डेटा चिपवर, चुंबकाशी संबंधच नाही. त्यांना चुंबक लावा नाहीतर अंगारा लावा, सारखंच.

मुळात सात पासची गरजच नसते. आजच्या फिरत्या डिस्कला शून्यांचा एक पूर्ण हात पुरतो, आणि तो विंडोजमध्ये फुकट आहे: कमांड प्रॉम्प्टवर डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, नंबर निवडा, क्लीन ऑल. नुसतं ‘क्लीन’ नव्हे, त्याने फक्त पार्टिशनची नोंद जाते. नंबर निवडताना आकार दोनदा बघा, नाहीतर चालू डिस्क उडेल. यूएसबी २ चा जुना डॉक असेल तर एका टीबीला नऊ-दहा तास धरा.

बिंग फुटलं ते योगायोगाने. कुणीतरी ७०० रुपयांना जुनी डिस्क घेतली, स्वतःचेच उडालेले फोटो शोधायला फोटोरेक चालवलं आणि वर आले आमचे फॉर्म १६, पॅन, बँक स्टेटमेंट. भल्या माणसाने फोन केला. ७०० देऊन डिस्क परत घेतली. सीरियल नंबर सर्टिफिकेटवरचाच.

पुढचा तमाशा वेगळाच. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर पहिला प्रश्न, “खात्यातून किती गेले?” काही गेले नाहीत म्हटल्यावर त्यांचा रसच संपला. सायबर तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार कुठल्या रकान्यात बसवायची इथपासून सुरुवात. चौकीत ऐकवलं, “डिस्क तुम्हीच दिल्या ना? पैसेही घेतलेत. मग चोरी कसली? ही दिवाणी बाब.” सायबर शाखेने पुन्हा चौकी दाखवली. चार खेपा, तीन अर्ज, पोच एकाची. ग्राहक मंचाचं नाव काढलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली सेवा, तिथेच अडवतील. आयटी कायद्याच्या ४६व्या कलमाखाली राज्याच्या आयटी सचिवांपुढे भरपाई मागता येते, हे एकाही टेबलावर कुणी सांगितलं नाही, तेही वकिलाकडूनच कळलं. आणि अशिलांना उत्तर द्यायचं ते आम्हीच. ठगाचा फोन बंद.

सर्टिफिकेट मिळालं की माणसाला जाऊ देऊ नका. कुठलीही एक डिस्क उचला, हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे डिस्कवरचे कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सुरुवात, मध्य, शेवट उघडा. सगळीकडे शून्यंच हवीत. तो चुळबुळला तर समजा. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तिथे, १९७ क्रमांकापुढे शून्याहून मोठा आकडा असेल तर काही सेक्टर धड वाचता येत नाहीत, पुसल्याची खात्री करता येत नाही, ती डिस्क फोडायचीच. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू बहुधा टी८ या चांदणीच्या आकाराच्या पान्याने निघतात. लॅपटॉपच्या अडीच इंचीत तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात, फोडताना चष्मा लावा. एसएसडीवर शून्यं ओतण्यात अर्थ नाही, राखीव भागातला डेटा तसाच राहतो. तिथे कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज.

१४ पैकी एक परत आली आहे. ती आता फोडली.