६०० व्हीएचा यूपीएस: वस्तू चांगलीये, पण घेताना वॉट बघा

घरच्या कॉम्प्युटरला ६०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव यूपीएस लावलाय, पावसाळ्यात आमच्याकडे लाईट सारखी ये-जा करते त्यामुळे घ्यावाच लागला. काम एकदम चोख. लाईट गेली की आत टक् करून रिले पडतो आणि स्क्रीन हलतसुद्धा नाही, व्होल्टेज थोडं कमीजास्त झालं तर बॅटरीला हात न लावता एव्हीआरवरच (व्होल्टेज आपोआप सावरणारं आतलं सर्किट) निभावून नेतो.

एक स्टार मात्र कापलाय. खोक्यावर ६०० हे एवढं मोठं छापलंय आणि वॉटचा आकडा बघायला यूपीएस फिरवून मागचं स्टिकर वाचावं लागतं, तिथे बारीक अक्षरात ३६० वॉट. हा आकडा पुढे पाहिजे हो, लोक ६०० बघून ५०० वॉट खाणारा गेमिंग पीसी जोडतात, मग ओव्हरलोडचा बीप वाजून सगळं बंद.

व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे २३० व्होल्टला साधारण २.६ अँपिअर. त्यातलं खरोखर कामी येतं ते वॉट, आणि वॉटला व्हीएने भागलं की पॉवर फॅक्टर, इथे ०.६. जुने साधे एसएमपीएस, म्हणजे पीसीतले पॉवर सप्लाय, करंट सलग न घेता झटक्याझटक्याने ओढायचे, त्यांचा पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपासच असायचा म्हणून हे गणित जुळायचं. आता ॲक्टिव्ह पीएफसीवाले (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेले) एसएमपीएस ०.९५ च्या आसपास असतात, म्हणजे ३५० वॉट घेताना व्हीए जेमतेम ३७० होतात, ६०० कुठून गाठणार, वॉटची लिमिट आधीच लागते. तरी दुकानात सगळे व्हीएच सांगतात!

आणि व्हीए जास्त म्हणजे बॅकअप जास्त असंही नाही, तो बॅटरीवर. यात १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर) आहे, कागदावर ८४ वॉट-अवर, प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी मिळतं. पीसी, मॉनिटर, राऊटर चालू असताना फाईल सेव्ह करून नीट शटडाऊन करायला पुरते, अख्खी मीटिंग निघेल या भरवशावर राहू नका.

लेझर प्रिंटर यावर अजिबात लावू नका, त्याचा फ्यूझर (टोनर कागदावर पक्का करणारा गरम भाग) तापताना ३६० च्या कितीतरी वर जातो. ग्राफिक कार्डवाला पीसी असेल तर मोठा यूपीएस घ्या पण तिथेही वॉट विचारा, १००० व्हीएचे कितीतरी मॉडेल ६०० वॉटचेच असतात.