बेसबॉलचा संघ, पोकरचं टेबल की बॉलिंगची लीग: रिकाम्या संध्याकाळी कशाला द्यायच्या?

मेजर लीग बेसबॉलमधला प्रत्येक संघ नियमित हंगामात १६२ सामने खेळतो. मार्चअखेर सुरुवात, सप्टेंबरअखेर शेवट, आणि मधे सुट्टीचे दिवस जेमतेम पंचवीस. आयपीएलचा संघ साखळी फेरीत जेवढे सामने खेळतो तेवढे हे लोक पंधरा-सोळा दिवसांत उरकतात. अमेरिकेत स्थिरावल्यावर "आता एखादा संघ धरावा" असं ज्यांच्या मनात येतं, ते हा आकडा ऐकून जरा दचकतात. त्यातच ऑफिसातल्या कुणीतरी महिन्यातून एकदा होणाऱ्या पोकरला बोलावलेलं असतं, आणि आणखी कुणाला बॉलिंगच्या टीममध्ये चौथा माणूस हवा असतो.

तिन्ही गोष्टी झेपतात का? झेपतात, पण तिन्हींना सारखं वजन दिलं तर नाही. कोणाला किती द्यायचं हे ठरवताना लोक वेळ आणि पैसा बघतात. तेही बघूच. मी मात्र आधी एक वेगळा प्रश्न विचारेन: हरल्यावर तो पराभव किती तुमचा असतो, आणि तशा प्रकारचं हरणं तुम्हाला सोसतं का? हरणं तिन्हीकडे भरपूर आहे.

तासांचा हिशोब

२०२३ मध्ये पिच क्लॉक आलं. बेस रिकामे असतील, म्हणजे कुणी धावपटू तिथे उभा नसेल, तर पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) १५ सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात करावी लागते. या एका नियमानं नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी वेळ ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली. तरीही १६२ सामने पूर्ण बघायचे म्हटले तर ४३२ तास होतात, म्हणजे पूर्णवेळ नोकरीचे जवळपास अकरा आठवडे. बॉलिंगच्या लीगमध्ये आठवड्यातून एक संध्याकाळ, तीन गेम, अडीच-तीन तास. हंगाम तीस आठवड्यांचा धरला तर ७५-९० तास. महिन्यातून एकदा पाच तासांचं पोकर म्हणजे वर्षाला ६०.

या हिशोबात बेसबॉल हरतं असं वाटेल. पण बेसबॉलचे तास रबरासारखे ताणता-आवळता येतात. सगळे सामने बसून बघणारा माणूस विरळाच. भांडी घासताना, गाडी चालवताना रेडिओवर कॉमेंट्री ऐकता येते, आणि बेसबॉल रेडिओवर फार चांगलं ऐकू येतं. दोन चेंडूंमधल्या मोकळ्या वेळात कॉमेंटेटरला गप्पा मारायला जागा मिळते. डॉजर्स संघाचे कॉमेंटेटर विन स्कली १९५० ते २०१६ अशी ६७ वर्षं हे काम करत होते ते उगाच नाही. ज्या दिवशी तेवढंही जमत नाही, त्या दिवशी पाच मिनिटं बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकड्यांतला गोषवारा) वाचला की कोण खेळलं, कोण पडलं, कुणाचा हात दमलाय ते कळतं. बॉलिंग आणि पोकरला ही सोय नाही. तिथे तुम्ही गेलात तरच तुम्ही आहात.

टीव्हीवर बघायचं असेल तर एक गोष्ट आधी तपासा. लीगच्या स्ट्रीमिंग सेवेवर तुमच्या भागातल्या संघाचे सामने बहुधा ब्लॅकआउट असतात. ज्या संघासाठी पैसे भरले नेमका तोच दिसत नाही, म्हणून अनेक जण वैतागतात. तुमच्या झिपकोडला कोणते सामने बंद आहेत ते पाहूनच पैसे भरा. आणि संघ निवडताना घड्याळही बघा: पूर्व किनाऱ्यावर राहून पश्चिमेचा संघ धरलात तर त्यांच्या घरचे सामने तुमच्याकडे रात्री दहाच्या सुमारास सुरू होणार. सकाळी साडेसहाला उठणाऱ्या माणसानं हा संसार मांडू नये.

संघ: हरणं अजिबात तुमच्या हातात नाही

संघाच्या मागे लागण्यातली अडचण आणि गंमत एकच. तुम्ही काहीही करू शकत नाही. शिकागो कब्जनं १९०८ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली आणि त्यानंतर २०१६ मध्ये. मधल्या १०८ वर्षांत त्यांच्या चाहत्यांच्या पिढ्या जन्मल्या आणि गेल्या. त्याच शहरातले व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले. १९०० नंतरच्या काळात एका हंगामात इतके सामने कुणीच हरलेलं नाही. तेही एक वेळ ठीक, कारण हरायला संघ जागेवर तरी होता. ओकलंडच्या चाहत्यांचा संघ २०२४ नंतर शहरच सोडून गेला.

मग माणसं हे का करतात? कारण या खेळात हरण्याची सवय होते, आणि ती चांगली सवय आहे. उत्तम संघही हंगामात साठेक सामने हरतो आणि वाईटात वाईट संघ चाळीसेक जिंकतो. त्या १२१ पराभवांच्या वर्षातही व्हाइट सॉक्सनी ४१ सामने जिंकलेच. म्हणून मंगळवारचा पराभव बुधवारपर्यंत शिळा होतो. क्रिकेटच्या विश्वचषकात हरलो की आठवडाभर जेवण गोड लागत नाही अशी ज्यांची प्रकृती आहे, त्यांना एप्रिल-मे महिने जड जातील. जून उजाडेपर्यंत मात्र त्यांच्यातही फरक पडलेला दिसेल.

नवख्यानं पहिल्या हंगामात एक काम जरूर करावं: स्कोअरकार्ड भरायला शिकावं. मैदानावरच्या जागांना १ ते ९ क्रमांक आहेत. पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६, असं. '६-४-३' लिहिलं की शॉर्टस्टॉपनं उचललेला चेंडू सेकंड बेसमनकडे आणि तिथून फर्स्ट बेसमनकडे गेला आणि दोघे बाद झाले, एवढी गोष्ट तीन आकड्यांत मावते. हे जमलं की "या खेळात काही होतच नाही" ही तक्रार बंद होते.

पैशाचं म्हणाल तर संघ धरणं तिन्हींत सर्वात स्वस्त पडू शकतं आणि सर्वात महागही. रेडिओवर भागत असेल तर खर्च जवळपास नाही; घरचं कुटुंब घेऊन दर पंधरवड्याला स्टेडियमवर जायचं म्हटलं तर पार्किंगपासूनच कात्री लागते. शिवाय आता एक नवीन गळती आहे. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खेळांवरच्या सट्ट्याची केंद्रीय बंदी रद्द केली, आणि तेव्हापासून अनेक राज्यांत फोनवरून पैज लावता येते. प्रत्येक पिचवर पैज लावा म्हणून प्रक्षेपणातच खुणावलं जातं. माझं स्पष्ट मत: आपल्या संघावर पैसा लावू नये. १६२ सामन्यांची निवांत सोबत क्षणात १६२ बिलांमध्ये बदलते. पत्त्यांवर पैसे लावायचे असतील तर पोकर आहेच, तिथे निदान पानं तुमच्या हातात असतात.

पोकर: निम्मं तुमच्या हातात

टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात, मधे सगळ्यांसाठी मिळून पाच उघडतात. पहिल्या दोन पानांत एक्क्यांची जोडी येण्याची शक्यता २२१ मध्ये एक. टेबलावर तासाला पंचवीस-तीस हात (म्हणजे डाव) वाटले जातात असं धरा. म्हणजे सरासरी आठेक तास बसल्यावर एकदा ती जोडी दिसणार. समजा ती आली, समोरच्याकडे राजांची जोडी आहे, आणि सगळे पैसे मधे गेले. तरीही पाच-सहा वेळांतून एकदा तुम्ही हरणार. सगळं बरोबर करून.

हे ज्याला पचतं त्यानंच पोकर खेळावं. हरल्यावर माणूस बिथरतो, गेलेले पैसे तडक परत मिळवायला निघतो आणि वाटेल त्या पानांवर खेळायला लागतो. याला खेळाडू टिल्ट म्हणतात, आणि घरगुती पोकरमध्ये बहुतेक पैसा इथेच जातो. दुसरी गोष्ट कुणी आधी सांगत नाही: चांगलं पोकर कंटाळवाणं असतं. भरलेल्या टेबलावर शहाणा खेळाडू बहुतेक पानं टाकून देतो आणि इतरांना बघत बसतो. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्या स्पर्धेत ८३९ जण होते, पुढच्याच वर्षी २,५७६ झाले. सगळ्यांना मनीमेकर व्हायचं होतं. टीव्हीवर दिसतात ते निवडक हात असतात. मधले चार तास कापलेले असतात.

घरच्या टेबलाचे फायदे मात्र खरे आहेत. सहा-सात माणसं, फोन बाजूला, चार-पाच तास तोंडासमोर तोंड. वीस डॉलरची मर्यादा आधीच ठरवली आणि दुसऱ्यांदा पैसे टाकायचे नाहीत हा नियम पाळला तर एका सिनेमाच्या खर्चात रात्र निघते. बऱ्याच राज्यांत अशा घरगुती खेळाला हरकत नसते, पण यजमानानं प्रत्येक डावातून आपला वाटा काढला की तो धंदा ठरू शकतो. कायदा राज्यागणिक बदलतो, आपल्या राज्याचा बघून घ्यावा. आणि घरात कुणाला जुगाराची ओढ आधी लागून गेली असेल, तर मर्यादा-बिर्यादा न ठरवता हा पर्याय सरळ सोडून द्या.

पोकर आणि बेसबॉल एकमेकांना छान पूरक आहेत, हे मला दोन्ही बघताना पटत गेलं. निर्णय बरोबर असूनही निकाल उलटा लागू शकतो हे पोकर शिकवतं, आणि ते कळलेला माणूस संघाचे डावपेच ठरवणाऱ्या मॅनेजरला शिव्या देण्याआधी थांबतो. २००१ मध्ये सिएटल मरीनर्सनी ११६ सामने जिंकून विक्रमाशी बरोबरी केली आणि तरी वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचलेच नाहीत. यांकीजनी त्यांना आधीच्या फेरीत पाच सामन्यांत गुंडाळलं. लांब हंगामात जो श्रेष्ठ असतो तो सात सामन्यांच्या मालिकेत हरू शकतो. एक्क्यांच्या जोडीचंही तेच.

बॉलिंग: सगळं तुमचंच

फाउल लाइनपासून (जी ओलांडायची नाही त्या रेघेपासून) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, दहा पिना, तुमचा हात. इथे सबबीला जागा नाही. अगदी नाहीच असं नाही: चेंडू पॉकेटमध्ये, म्हणजे पुढच्या पिनांमधल्या मोक्याच्या फटीत, अचूक बसतो, नऊ पिना धडाधड पडतात आणि कोपऱ्यातली दहावी ढिम्म उभी राहते, तेव्हा नशिबाच्या नावानं बोटं मोडायला हरकत नाही. लेनवर तेल असतं, तेही रात्रभर सरकत-वाळत जातं, आणि पहिल्या गेममध्ये जमलेली रेघ तिसऱ्यात चुकायला लागते. पण ते सगळ्यांनाच सारखं.

नवख्यांना बॉलिंग सुचवण्याचं माझं मुख्य कारण हँडिकॅप. समजा लीगचा नियम आहे की २२० आणि तुमची सरासरी यांतल्या फरकाचे ९० टक्के तुम्हाला मिळणार. तुमची सरासरी १३० असेल तर दर गेमला ८१ पिना वाढवून मिळतात. २०० सरासरीवाल्याला १८. सत्तर पिनांची दरी सातवर येते. पहिल्याच महिन्यात तुमच्या एका बऱ्या गेमवर टीम जिंकू शकते. पोकरच्या टेबलावर नवख्याला अशी सवलत कुणी देत नाही.

शिकायला काय लागतं? स्ट्राइकच्या, म्हणजे एकाच चेंडूत दहाही पिना पाडण्याच्या, मागे धावू नका. दहाही फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे दोन चेंडूंची एक पाळी) आधी नऊ पिना, मग उरलेली एक, आणि शेवटच्या जादा चेंडूवर नऊ, असं खेळलात तर एकही स्ट्राइक न मारता १९० होतात. हौशी लीगमध्ये १९० म्हणजे लोक वळून बघतात. पहिला खर्च स्वतःच्या बुटांचा करा, चेंडू नंतर. सोळा पाउंडांपर्यंतचे चेंडू असतात म्हणून सोळाचा उचलायची गरज नाही. मनगट किंवा गुडघा कुरकुरत असेल तर हलका घ्या, आणि पाठीचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच लीगला नाव द्या.

बंधन मात्र इथे सर्वात कडक. गैरहजर राहिलात तरी अनेक लीगमध्ये आठवड्याचे पैसे द्यावेच लागतात, आणि तीन माणसं तुमची वाट बघत असतात ते वेगळंच. ज्यांची नोकरी फिरतीची आहे त्यांनी पूर्ण हंगामाऐवजी उन्हाळी छोटी लीग बघावी, किंवा बदली खेळाडूंच्या यादीत नाव द्यावं.

तर मग?

वेळापत्रक तुमच्या बाजूनं आहे. बॉलिंगच्या मोठ्या लीग सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होऊन एप्रिलच्या आसपास संपतात. बेसबॉल नेमकं तेव्हाच रंगात यायला लागतं. म्हणून माझी शिफारस: उन्हाळ्यात संघ, हिवाळ्यात बॉलिंग, आणि पोकर महिन्यातून एकदा, तेही मर्यादा ठरवून. नवीन गावात ओळखी करायच्या असतील तर सुरुवात बॉलिंगपासून करा. लहान मुलं घरात आहेत आणि संध्याकाळी बाहेर पडणं अशक्य असेल तर रेडिओ आणि संघ. आकडेमोडीत रमणाऱ्या, हरल्यावर शांत झोपणाऱ्या माणसाला पोकर आवडेल. बाकीच्यांनी तिथे गप्पांसाठी जावं. सगळं करूनही एखाद्यात अव्वल होणारे असतात म्हणा: मूकी बेट्स हा मेजर लीगचा खेळाडू २०१७ मध्ये व्यावसायिक बॉलिंगच्या वर्ल्ड सिरीजमध्ये उतरला आणि त्यानं ३०० चा परिपूर्ण गेम टाकला. आपली गोष्ट वेगळी.

पोकरची रात्र ठरवताना सोमवार किंवा गुरुवार धरा, बेसबॉल संघांच्या सुट्ट्या बहुधा त्याच दिवशी येतात. ऑक्टोबरमध्ये लीगची रात्र आणि प्लेऑफ एकत्र आले तरी फारसं बिघडत नाही, बहुतेक बॉलिंग सेंटरमध्ये लेनच्या वर टीव्ही असतोच. पत्ते खेळताना मात्र टीव्ही बंद ठेवायला सांगा. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद आणि बेस भरलेले असले की टेबलावर कुणाची पाळी आहे ते कुणालाच आठवत नाही, आणि भांडण तिथून सुरू होतं.