जेवणाला चार स्टार, वाइनच्या सर्व्हिसला दीड

पुण्यातलं एका मोठ्या हॉटेलमधलं रेस्टॉरंट, नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण हे प्रकार अजून बऱ्याच ठिकाणी चालतात. मे महिना, सासूसासऱ्यांच्या लग्नाचा वाढदिवस, आम्ही पाच जण. जेवण खरंच सुंदर होतं, विशेषतः रावस, त्याबद्दल काही बोलायचं नाही. बोलायचंय ते वाइनबद्दल.

वाइन लिस्ट आली ती थेट नवऱ्याच्या हातात. त्याला वाइनमधलं फारसं कळत नाही, आमच्याकडे निवडते मी, आणि तसं सांगितलंही. फ्रातेल्ली कंपनीची सेत्ते ही रेड वाइन मागवली, आपल्या अकलूजची, सांजोवेझे आणि कॅबरने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांचं ब्लेंड, सासऱ्यांना सोलापूर जिल्ह्यातली वाइन प्यायची हौस होती म्हणून. लिस्टवर साल, म्हणजे द्राक्षं कोणत्या वर्षीची, ते लिहिलेलंच नाही. विचारलं तर वेटर म्हणाला सगळी सेमच असते मॅडम. सेम कशी असेल, दर वर्षी पाऊस वेगळा, द्राक्ष वेगळं!

मग बाटली आली ती आतूनच उघडून. दुकानातल्या भावाच्या जवळपास तिप्पट पैसे आपण देतो ना, मग लेबल दाखवा, साल दाखवा, समोर कॉर्क काढा, एवढं तरी हवंच. आणि चाखायचा पहिला घोट परत नवऱ्याच्याच ग्लासात! तो घोट वाइन आवडली का हे सांगायला नसतोच, कॉर्कमुळे कधीकधी वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागतो, तसं काही बिघडलं असेल तर तिथेच बाटली परत करता यावी म्हणून असतो, त्यामुळे ज्याने ऑर्डर दिली त्यालाच तो द्यायला हवा.

वाइन अक्षरशः कोमट होती. आइस बकेट मागितली तर उत्तर आलं, रेड थंड करत नाहीत मॅडम, रूम टेंपरेचरलाच देतात. अहो, तो नियम युरोपातल्या गार घरांचा, पुण्यातल्या मे महिन्याचा नाही. रेड साधारण 15 ते 18 डिग्रीला छान लागते, 30 च्या आसपास गेली की नुसतं अल्कोहोल नाकात जातं आणि फळाचा वास गायब. सासूबाई पहिल्यांदाच वाइन घेत होत्या, एक घोट घेऊन तोंड वाकडं करून ग्लास बाजूला ठेवला, मला फार वाईट वाटलं कारण चूक वाइनची नव्हतीच.

एवढ्यात बाकीचे ग्लास काठोकाठ भरून झालेले. 750 मिलीची बाटली, 150 मिलीचा एक ग्लास धरला तर पाच जणांना एकेक ग्लास नीट पुरते, पण तीही दोन-तीन वेळा थोडी थोडी ओतून. इथे स्टार्टर यायच्या आत बाटली संपली आणि लगेच दुसरी आणू का!

दुसरी आणायला सांगितली पण माझ्या अटींवर, आणि इथे एका तरुण मुलाचं मनापासून कौतुक. तो बर्फ आणि पाणी घातलेली बकेट घेऊन आला, लेबल मला दाखवलं, बाटली आमच्यासमोर उघडली, घोट मला दिला, पंधरा मिनिटं बकेटमध्ये ठेवून मग ग्लास तिसरा हिस्साच भरले. वाइन तीच, पण चेरीसारखा वास आता कुठे आला. सासूबाईंनी अर्धा ग्लास संपवला आणि सासरे अकलूजच्या गप्पांत रमले. म्हणजे जमतं यांना, फक्त कुणी शिकवत नाही! नाशिकला सुला वाइनरीत वाइन टेस्टिंगला जाऊन बघा, तिथली मुलं नवख्या माणसालाही किती नीट समजावून देतात.

बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला, तो काढायला सांगितला, काढला. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितलंय की तो सक्तीने लावता येत नाही. टिप त्या मुलाच्या हातात दिली.

जेवायला परत जाईन. रेड घेणार असाल तर टेबल बुक करतानाच सांगून ठेवा की बाटली गार हवी आणि आमच्यासमोर उघडा.